विश्लेषण : मेंढ्यांचा वाडा बाई सांभाळते, मग नोंद कुणाच्या नावावर?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष दोन घटकांना अर्पण केले आहे. गवताळ कुरणे आणि पशुपालकांचे हे आंतरराष्ट्रीय वर्ष आहे आणि शेतकरी महिलांचेही. या दोन्ही व्याख्यांत बसणारी बाई दिवाळीनंतर कात्रज घाट आणि बाह्यवळण रस्त्याच्या आसपास, घोड्यावर बिऱ्हाड लादून चालताना दिसते. पुणेकर तिला ‘मेंढपाळाची बायको’ समजतात. सरकारी कागदही बहुधा तेच समजतात. मात्र घरचा पुरुष आजारी पडला किंवा दगावला की मेंढ्यांचा सगळा व्याप तिच्यावर येतो आणि तेव्हा कागदावर आपले नाव नसण्याची किंमत तिला कळते.

महाराष्ट्रातील मेंढीपालन कसे चालते?

२०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या आहेत. त्यातील सुमारे २७ लाख महाराष्ट्रात आहेत. माण, खटाव, फलटण, बारामती, पारनेर, सांगोला, जत या कमी पावसाच्या पट्ट्यांत मेंढीपालन मुख्यत्वे धनगर समाजाकडे आहे. येथील मूळची दख्खनी मेंढी काटक असते. ती रोज मैलोन्‌मैल चालते, खुरट्या गवतावर तगते. मात्र मुसळधार पाऊस आणि चिखल तिला मानवत नाही. त्यामुळे पावसाळ्यात कळप घरच्या माळरानावर असतात. खरिपाची पिके निघाली की ते कोकणाकडे किंवा बागायती भागाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात रात्री मेंढ्या बसवून घेतात. लेंडीखताच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा रोख पैसे मिळतात. म्हणजे परदेशात ज्याला मेंढ्यांचे फार्म म्हणतात ते आपल्याकडे वर्षातील निम्म्याहून अधिक काळ चालतेफिरते असते. काही कुटुंबे एकत्र मिळून हा प्रवास करतात. त्या तळाला आणि गटाला ‘वाडा’ म्हणतात.

वाड्यात महिलेचे काम काय असते?

सकाळी पुरुष मेंढ्या घेऊन चरायला निघतात. त्यानंतर तळ हलवण्याचे काम बायकांचे. भांडी, अंथरुणे, धान्य, जाळ्या, कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरे घोड्यांवर लादायची, मुलांना घेऊन पुढचा मुक्काम गाठायचा, तेथे पाणी आणि सरपण शोधायचे, स्वयंपाक करायचा आणि कळप येण्याआधी वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडण्याची जाळी, लावायची. कोकरांची निगा तर जवळजवळ पूर्णपणे त्यांच्याकडे असते. कोणते कोकरू आईला पीत नाही, कोणती मेंढी लंगडते, कोणाला हगवण लागली हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येते. मेंढीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो, त्यामुळे बहुतेक वेळा प्रवासातच कोकरे जन्मतात. पुण्यातील ‘अंतरा’ ही संस्था महिला पशुवैद्यकांनी सुरू केली. मेंढपाळ महिलांचे पशुआरोग्याविषयीचे ज्ञान नोंदवण्याचे काम तिने केले आहे.

एकटी पडल्यावर अडचण कोठे येते?

काम येत नाही म्हणून अडत नाही, तर एका माणसाने एकाच वेळी दोन ठिकाणी असावे लागते म्हणून अडते. कळपामागे गेले तर तळ उघडा पडतो आणि तळावर थांबले तर कळपाला माणूस लागतो. मग गडी ठेवावा लागतो किंवा मेंढ्या अर्धलीने द्याव्या लागतात. अर्धलीत सांभाळणारा निम्मी कोकरे घेतो, म्हणजे उत्पन्न तिथेच निम्म्यावर येते. लोणंद किंवा चाकणच्या बाजारात भाव करताना व्यापारी ‘घरातल्या पुरुषाला बोलवा’ म्हणाला, तर सौदाही तिच्या हातून निसटतो.

दुसरी अडचण मालकीची. हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार पतीच्या निधनानंतर पत्नी ही मुलगे आणि मुलींबरोबरच पहिल्या वर्गातील वारस आहे. मेंढ्या ही जंगम मालमत्ता असल्याने हा हक्क त्यांनाही लागू होतो. पण जमिनीला सातबारा असतो, तसा कळपाला नसतो. एकत्र चरणाऱ्या मेंढ्यांपैकी कोणत्या दिराच्या आणि कोणत्या आपल्या, हे खुणांवर आणि शब्दावर चालते. नाते ताणले गेले की तो शब्द टिकेलच असे नाही.

लांडगा किंवा बिबट्याने मेंढ्या मारल्या तर?

वन्यप्राण्याने जनावर मारल्यास वन विभागाकडून नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी घटना ४८ तासांच्या आत कळवावी लागते आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवता येत नाही. रोज मुक्काम हलवणाऱ्या वाड्याला ही अट जड जाते. एकट्या बाईला ती आणखी जड. उरलेला कळप उपाशी ठेवून वनरक्षकाची वाट पाहायची की भरपाई सोडून पुढे जायचे, हे तिला एका रात्रीत ठरवावे लागते.

त्यात कानातल्या बिल्ल्याची भर पडली आहे. राज्यात १ जून २०२४ पासून जनावरांना बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला सक्तीचा झाला. बिल्ल्याशिवाय सरकारी दवाखान्यातील उपचार, खरेदी-विक्री आणि नुकसानभरपाई यांत अडथळा येतो. हा क्रमांक ‘भारत पशुधन’ प्रणालीत मालकाच्या नावाशी आणि मोबाइल क्रमांकाशी जोडला जातो. तेथे नाव नवऱ्याचे आणि मोबाइल मुलाचा असेल, तर त्या मेंढ्या वर्षानुवर्षे सांभाळूनही कागदावर ती त्यांची कोणीच नसते. याची दुसरी बाजूही आहे. आजवर कळपाला सातबारा नव्हता. आता प्रत्येक मेंढीमागे एक नोंद तयार होत आहे. ती बाईच्या नावावर झाली, तर तिच्या हातात प्रथमच पुरावा येईल.

सरकारी योजनांत तिला जागा आहे का?

आहे. पुण्यात गोखलेनगर येथे मुख्यालय असलेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ ‘राजे यशवंतराव होळकर महामेष योजना’ राबवते. भटक्या जमाती (क) प्रवर्गातील लाभार्थींना २० मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. उरलेले २५ टक्के लाभार्थीने घालायचे असतात. स्थायी आणि स्थलांतरित अशा दोन्ही पद्धतींसाठी ही योजना आहे आणि तीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. अर्ज मात्र ऑनलाइन भरायचा असतो. मुदत सुरू होते तेव्हा वाडा कोकणात असेल आणि कागदपत्रे गावच्या घरी पेटीत असतील, तर राखीव जागेचाही उपयोग होत नाही.

वनहक्क कायदा २००६ भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क मान्य करतो. हक्क मिळाल्यास पती-पत्नीच्या संयुक्त नावाने आणि एकटी व्यक्ती कुटुंबप्रमुख असल्यास तिच्या नावाने तो नोंदवावा, असेही त्यात म्हटले आहे. अडचण पात्रतेची आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. फिरतीवर जगणाऱ्यांना वास सिद्ध करणे किती अवघड, हे सांगायला नको.

कात्रजच्या वेशीवर काय बदलले?

सातारा रस्ता कात्रज घाटातून पुण्यात उतरतो. त्याच्या दोन्ही अंगांना एकेकाळी शेते आणि डोंगरउताराची गायराने होती. कात्रजलगतची भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी आणि कोळेवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. शेत बिगरशेती झाले की मेंढ्या बसवायला सांगणारा शेतकरी उरत नाही. त्याच्याबरोबर खताचे धान्य जाते, रात्रीचा सुरक्षित मुक्काम जातो आणि तळाजवळची विहीरही जाते. याचा पहिला फटका तळ सांभाळणारीला बसतो, कारण पाणी आणि सरपण तिलाच आणावे लागते. टँकर आणि डंपरच्या रहदारीतून घोडे आणि कोकरे पार करणे हा आणखी एक धोका.

एका जागी राहून मेंढीपालन हा पर्याय आहे का?

काही अंशी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळ्यांना कारण ठरणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. या कामाचे नेतृत्व डॉ. चंदा निंबकर या महिला शास्त्रज्ञाने केले. मेंढ्या कमी आणि कोकरे जास्त हे गणित एकट्या महिलेला सोयीचे वाटते. पण जुळी म्हणजे दूध पाजण्याचे, उबेला ठेवण्याचे, लसी देण्याचे कामही वाढते. शिवाय बंदिस्त पालनात चारा विकत घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे थोडीफार जमीन आणि पाणी आहे, त्यांनाच ते परवडते.

बाहेरच्या जगात काय दिसते?

आइसलँडमध्ये हेइडा नावाची एक महिला दुर्गम खोऱ्यातील सुमारे ५०० मेंढ्यांचे फार्म एकटीने चालवते. घरचे फार्म तिने वयाच्या २३व्या वर्षी हाती घेतले. तिच्यावर २०१६ मध्ये पुस्तक निघाले. परिसरातील जलविद्युत प्रकल्पाला तिने विरोध केला आणि स्थानिक परिषदेतही ती गेली. कष्टांत आपली मेंढपाळ महिला तिच्यापेक्षा कुठेही कमी नाही. फरक एवढाच, की तेथे त्या बाईला फार्मची मालक आणि शेतकरी म्हणून बोलता येते. येथे ‘मालक कुठे आहेत?’ या प्रश्नापासून सुरुवात होते.

आता काय करता येईल?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत प्रथमच भटक्या पशुपालकांकडील जनावरांची आणि पशुपालनाचे मुख्य काम करणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, याची नोंद घेण्याचे ठरले. राज्याने त्या आकड्यांचा आधार घेऊन बिल्ल्याच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे घेणे, वाड्याच्या मुक्कामी जाऊन योजनेचे अर्ज भरून घेणे आणि भरपाईच्या पंचनाम्यासाठी मोबाइलवरील छायाचित्र ग्राह्य धरणे एवढे केले तरी बरेच साधेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. कुटुंबांनीही बिल्ला मारतानाच काही मेंढ्या बाईच्या नावावर लावून घेतल्या, तर वाईट दिवस आल्यास कळप कुणाचा, हा प्रश्न भाऊबंदांच्या बैठकीत सोडवावा लागणार नाही.