माशाच्या तेलाची गोळी आणि प्रोस्टेटचा कर्करोग

सोशल मीडियावर दोन उलटसुलट संदेश फिरत असतात. ओमेगा-३ च्या गोळ्या घेतल्या की कर्करोग जवळ येत नाही, हा एक. याच गोळ्यांनी पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग होतो, हा दुसरा. आपले तरुण दोन्ही पुढे ढकलतात आणि घरातले साठीचे वडील त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून यातले खरे किती, ते आम्ही येथे मांडत आहोत.

ओमेगा-३ हे मेदाम्ल आहे. तेल, तूप, मासळी यांतली चरबी अशा मेदाम्लांचीच बनलेली असते. बांगडा-तारलीत ओमेगा-३ भरपूर असते. जवसातही असते, पण त्याचा प्रकार वेगळा.

भीतीचा संदेश आला २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासातून. ज्यांच्या रक्तात मासळीतले ओमेगा-३ सर्वात जास्त होते, त्यांच्यात सर्वात कमी असलेल्यांपेक्षा प्रोस्टेट कर्करोगाचा धोका ४३ टक्के जास्त दिसला. ४३ टक्के म्हणजे शंभरातल्या ४३ जणांना कर्करोग, असे नव्हे. एका गटात शंभरात १० रुग्ण असतील, तर दुसऱ्यात साधारण १४, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय रक्त एकदाच तपासलेले होते. ते ओमेगा-३ ताटातल्या मासळीतून आले की गोळीतून, हे त्यावरून कळत नाही. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र एवढे कुठे मावते!

यापेक्षा भक्कम पुरावा गोळी प्रत्यक्ष देऊन पाहिल्यावर मिळतो. अमेरिकेत २५,८७१ जणांवर अशी चाचणी झाली. काहींना रोज १ ग्रॅम माशाचे तेल, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच वर्षांनंतर, २०१८ साली निकाल आला: गोळीने कर्करोग टळला नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगातही दोन्ही गटांत ठाम म्हणावा असा फरक नव्हता.

मग गोळी निदान निरुपद्रवी तरी? तेही गृहीत धरू नये. २०१३ च्या अभ्यासातले रक्त ज्या मोठ्या चाचणीतले होते, ती मुळात सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची. ही दोन्ही प्रोस्टेटचा कर्करोग रोखतील, अशी आशा होती. २०११ मध्ये उलटेच समोर आले. ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो कर्करोग १७ टक्के जास्त निघाला.

मासळी खाणाऱ्यांनी या बातमीवरून ती सोडू नये, असे आमचे मत आहे. आम्हाला काळजी वेगळीच वाटते. रात्री चार-चारदा लघवीला उठणारे वडील लाजेपोटी बोलत नाहीत आणि गुपचूप गोळ्या घेत राहतात. हा त्रास बहुतेकदा वयानुसार ग्रंथी वाढल्याने होतो, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीचा कर्करोग तर अनेकदा काहीच त्रास देत नाही. वडिलांना किंवा भावाला हा आजार झालेला असेल, तर पन्नाशीच्या आधीच डॉक्टरांना तसे सांगावे आणि पीएसए ही रक्ततपासणी करायची का, हे विचारावे. लघवीत रक्त दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.