रिकामा डबा रिकामा नसतो

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा होऊन आठवडा झाला असेल. दुपारी तीनच्या सुमारास शेतावरून एका बाप-लेकाला बैलगाडीत घालून माझ्या दवाखान्यात आणले. अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, पोटात कळा आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. कपाशीच्या मुलुखातल्या डॉक्टरला अशी लक्षणे पाहून फार विचार करावा लागत नाही. ही कीटकनाशकाची विषबाधा होती. पण घरचे सांगत होते की आज फवारणी नव्हतीच, नुसते निंदण चालू होते. तासाभराने उलगडा झाला. दोघे ज्या पाच लिटरच्या कॅनमधले पाणी प्यायले होते, तो मागच्या महिन्यात फवारणीच्या औषधाचा होता. "डॉक्टरसाहेब, कॅन मी राखेने घासून घेतला होता हो," असे ती माउली पुन्हा पुन्हा सांगत होती. ॲट्रोपिनची इंजेक्शने चालू राहिली आणि चौथ्या दिवशी दोघेही पायांनी घरी गेले. सर्वांचेच नशीब एवढे चांगले नसते.

त्या बाईंना बोल लावावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. जाड प्लास्टिक, घट्ट झाकण, हाताला बरी मूठ असलेला कॅन बाजारातून आणायचा तर पैसे पडतात, हा फुकट घरात आलेला. तो फेकायला कोणाचे मन होईल? शिवाय आपण त्या विषाला म्हणतो 'औषध'. औषधाच्या बाटलीची भीती कोणाला वाटते?

पण राखेने घासलेला कॅन स्वच्छ का होत नाही? राख बाहेरून लागते आणि विष आत असते. झाकणाच्या आट्यांत ते चिकटून राहते. बहुतेक कॅनची मूठ आतून पोकळ असते, तिच्यात ते साचते. काही अंश तर प्लास्टिकच्या अंगातच मुरतो आणि पुढे तेल किंवा ताक ठेवले की हळूहळू बाहेर येतो. मात्रेचा हिशेबही पाहा. लेबलवर ३६ टक्के लिहिले असेल तर त्या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम विष असते. उपडा करून निथळलेल्या कॅनमध्ये असे काही मिलिलिटर सहज मागे राहते. लहान मुलाचा जीव घ्यायला याहून कमीही पुरते.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या भांड्यात ठेवले गेले असावे, असा संशय तेव्हा अधिकाऱ्यांनी व्यक्त केला होता.

आपल्याकडे कायदा आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे वापरलेली बाटली किंवा डबा कोणी पुन्हा वापरणार नाही अशा रीतीने फोडून, वस्तीपासून दूर पुरायचा असतो. नियम वाचायला ठीक; पण हंगामात वीस-पंचवीस बाटल्या निघाल्या तर माणूस किती खड्डे खणणार? मग त्या बांधावर पडतात, ओढ्यात जातात, भंगारवाल्याकडे जातात किंवा माजघरात येतात. माझे मत असे की, वापरून फेकायचे भांडे शेतकऱ्याच्या हाती देऊन वर त्यालाच 'नीट विल्हेवाट लाव' म्हणण्यातच मूळ चूक आहे.

आता घरातल्या गॅसच्या सिलिंडरकडे पाहा. रिकाम्या सिलिंडरमध्ये कोणी धान्य भरले किंवा पाणी ठेवले असे ऐकले आहे का? नाही. तो आपला नसतोच. अनामत भरायची, रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. तोंडाला झडप असते, ती घरी उघडत नाही. पुढची तपासणी कधी, हेही त्याच्या गळ्याजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. ('ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, मग 'बी', 'सी', 'डी', आणि पुढे वर्षाचा आकडा. आजच स्वयंपाकघरात जाऊन वाचा.)

विषारी द्रव्यांसाठीही अशीच परत जाणारी मोठी पिंपे असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने २००६ साली कीटकनाशकांच्या भांड्यांविषयी नियम केले. पुन्हा भरायच्या पिंपावर कायमचा क्रमांक हवा, प्रत्येक तोंडाला एकाच दिशेने चालणारी झडप किंवा छेडछाड झाल्यास कळेल असे सील हवे, आणि पुन्हा भरण्याआधी पिंप तपासलेच पाहिजे. अशा पिंपाला नळी जोडली की द्रावण थेट फवारणीच्या टाकीत जाते. शंभर लिटर द्रावण पाव लिटरच्या बाटल्यांत घेतले तर चारशे सील फोडावी लागतात, चारशे वेळा तीव्र विष हाताशी येते आणि चारशे बाटल्या गावात उरतात. पिंपात घेतले तर एक जोडणी, आणि गावात काही उरत नाही. फवारणी करणाऱ्याला विषबाधेचा मोठा धोका फवारताना असतो तसाच मिसळताना असतो, कारण तेव्हा द्रव्य पाण्याने पातळ झालेले नसते आणि कातडीतूनही ते अंगात भिनते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले, ते आपण विसरलेलो नाही.

मात्र यावरून दुकानातल्या मोठ्या कॅनमधून दारूच्या बाटलीत सुटे औषध घेणे बरे, असे कोणी समजू नये. तो सगळ्यांत वाईट प्रकार. ना लेबल, ना सील, आणि कायद्यालाही मान्य नाही. पिंप सुरक्षित असते ते बंद झडपेमुळे आणि परत जाण्यामुळे, केवळ मोठे असल्यामुळे नव्हे. उलट मोठे पिंप गळले तर गळतीही मोठीच, म्हणून त्याला पक्की फरशी आणि कुलूपबंद खोली लागते. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला हे एकट्याने झेपणार नाही. पण शेतकरी गट, भाड्याने फवारणी करणारे किंवा ड्रोनवाले यांना ते जमण्यासारखे आहे. कंपन्यांकडे ही मागणी गटांनीच लावून धरायला हवी.

तोवर हातात बाटली आहे, ती अशी हाताळा. बाटली पंपाच्या टाकीत पूर्ण निथळू द्या. मग पाव भाग पाणी घालून, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवा आणि ते पाणी टाकीतच ओता. असे तीनदा. लिटरच्या बाटलीत १० मिलिलिटर उरले असेल तर एका धुण्याने त्याचा सव्विसावा भाग राहतो, तीन धुण्यांनी साडेसतरा हजारावा. नंतर कुदळीच्या टोकाने बुडाला भोक पाडा, म्हणजे ती कोणाच्या कामाची राहणार नाही. जाळू नका, धूर विषारी असतो. आणि तीनदा धुतलेलीही खाण्यापिण्याला वापरू नका.

कोणाला विषबाधा झालीच तर त्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, केसही धुवा. धुणाऱ्याने हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी. ताक, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा आणि रुग्णासोबत बाटली लेबलासह आणा. त्या बाप-लेकाच्या कॅनवरचे लेबल घासताना निघून गेले होते, आणि तो तास आम्ही अंदाजावर काढला.