बॉडी आधी की लेन्स?

चार पैसे गाठीला आले म्हणजे ते कोणत्या हत्यारात घालावेत, हा प्रश्न सुताराला पडतो, शिंप्याला पडतो, तसाच तो आता आपल्या नेवाशातील फोटोग्राफरांनाही पडतो आहे. आमची पुष्कळ वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. गिरणीतला माग मालकाचा असतो. तो जुना झाला तर मालकाने बदलावा. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुलाचा कॅमेरा मात्र त्याचा स्वतःचा. झीज त्याची, कर्जाचा हप्ताही त्याचाच. म्हणून नवी बॉडी घ्यावी की आहे त्याच बॉडीला चांगली लेन्स घ्यावी, हा प्रश्न आम्हांस हौसेचा वाटत नाही. तो पोटाचा आहे.

आधी कोणाचे काम काय ते पाहू. प्रकाश गोळा करून चित्र उमटविते ती लेन्स. ते चित्र टिपून घेते ती बॉडी. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडविला, ही आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट. आजची बॉडी मात्र कोणाला घरी घडविता येणार नाही. तिच्यात सेन्सर आहे, गणकयंत्र आहे, आणि दर दोनतीन वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते. तिची किंमत उतरते ती त्यामुळे. चांगली लेन्स त्यामानाने सावकाश उतरते.

आता मंगल कार्यालयात चला. संध्याकाळचा मुहूर्त, पिवळा उजेड, अंतरपाट धरलेला. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली किट लेन्स ५५ मिलिमीटरवर नेली की तिचे तोंड एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. ५० मिलिमीटरची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. हा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे, आणि प्रकाश वर्गाच्या हिशेबाने वाढतो. ५.६ ला १.८ ने भागा आणि येईल त्याचा वर्ग करा. उत्तर साडेनऊच्या वर जाते. म्हणजे किट लेन्सला जिथे सेकंदाचा विसावा भाग लागत होता, तिथे हिला दोनशेवा भाग पुरतो. विसाव्या भागात अक्षता टाकणारा हात पुसट होतो, दोनशेव्या भागात तो बहुधा स्पष्ट येतो.

हेच काम फुल फ्रेम बॉडी घेऊन होईल काय? तिचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, लहान बॉडीचा साधारण २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळ सुमारे २.४ पट. लाभ आहे, पण साडेनऊ पट कुठे आणि २.४ कुठे! शिवाय लहान सेन्सरसाठी केलेल्या लेन्स मोठ्या बॉडीवर चित्राचा मधलाच भाग भरतात. बॉडी घेतली की लेन्सचा खर्च मागून येतोच, ही गोष्ट दुकानदार फारशी बोलत नाही.

मेगापिक्सेलचेही तसेच. २४ चे ४५ झाले म्हणजे चित्र दुप्पट झाले असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात लांबी-रुंदीत ते १.३७ पट होते. १२ बाय ८ इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपके धरून छापला तरी नऊ मेगापिक्सेलच्या आतच काम भागते. बाकीचे हार्ड डिस्क भरण्याच्या उपयोगी.

उघड्या तोंडाच्या लेन्सलाही दोष आहे. एफ १.८ वर खोली इतकी पातळ होते की नवरीचा डोळा स्वच्छ आणि शेजारचा नवरदेव धूसर, असा प्रकार घडतो. पंधरा पाहुण्यांच्या ग्रुपला तोंड लहान करावेच लागते, आणि तिथे फ्लॅशला पर्याय नाही.

पक्ष्यांच्या नादी लागलेली मुलेही आपल्याकडे आहेत. प्रवरासंगमाला प्रवरा गोदावरीला मिळते, आणि पुढे नाथसागराचा फुगवटा; तिथले जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. पाण्यातला पक्षी दूर असतो. २०० मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेले चित्र कापून ४०० सारखे केले, तर २४ मधले फक्त सहाच मेगापिक्सेल हाती उरतात. येथे लांब लेन्सवाचून गत्यंतर नाही.

मग बॉडी कधी घ्यावी? आमच्या मते लग्नाच्या कामात एक कारण सर्वांत वजनदार आहे: दोन कार्डांची सोय. सप्तपदी पुन्हा घ्यायला सांगता येत नाही, आणि एकुलते एक कार्ड बिघडले तर पैसा जातो, नावही जाते. व्हिडिओची मागणी वाढली असेल आणि जुन्या बॉडीला तो नीट जमत नसेल, तर हेही कारण खरे. शटर थकले असेल तर ते बदलून मिळते. त्याची चौकशी आधी करावी.

आणखी एक कारण आहे, ते चित्राचे नसून रोजाचे आहे. मोठे स्टुडिओ दिवसाच्या बोलीवर मुले बोलावितात आणि कॅमेरा कोणता हे आधी विचारतात. ‘फुल फ्रेम असेल तरच ये’, असे सांगतात. हत्यार तुझे, कर्ज तुझे, अट मात्र आमची! अशा वेळी मुलाने कागद-पेन्सिल घेऊन बसावे. नव्या बॉडीमुळे दिवसाचा रोज किती वाढला, हंगामात मुहूर्त किती, आणि त्यातून हप्ता निघतो की नाही. रोज वाढत नसेल तर नव्या बॉडीचा फायदा स्टुडिओवाल्याचा, आणि ती त्यानेच विकत घ्यावी.

एकट्याला न पेलणारी लांब लेन्स चौघांनी मिळून घ्यावी. याच प्रवरेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना चालू करून दाखविला. चौघांना एक लेन्स अवघड नाही. मात्र चौघांच्या बॉडीचे माउंट एकच हवे. निकॉनचे एफ माउंट १९५९ चे, कॅननचे ईएफ १९८७ चे. दोघांनीही २०१८ साली आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट काढली. जुन्या लेन्स अडॅप्टरने नव्यावर बसतात, नव्या लेन्स जुन्यावर बसत नाहीत. निकॉनच्या मोटर नसलेल्या जुन्या लेन्सचा ऑटोफोकस स्वस्त बॉडीवर चालत नाही, हेही विचारून घ्यावे. जुनी लेन्स घेताना मागून बॅटरीचा झोत टाकून पुढून पाहावे. पावसाळ्यात बंद पेटीत राहिलेल्या काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, आणि तशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.