मोठ्या तोंडी लहान घास : कार्ब्युरेटरची निवड

टाकीला मोठ्या तोंडाचा नळ बसवला की बादली लवकर भरते. हा रोजचा अनुभव असल्यामुळे इंजिनाच्या बाबतीतही आपण तसाच विचार करतो. हवा आणि पेट्रोल आत सोडणारा कार्ब्युरेटर जितका मोठा, तितकी गाडीची ताकद जास्त, असे आपल्याला वाटते. अमेरिकेत वाळूच्या टेकड्यांवर स्पोर्ट क्वाड, म्हणजे शर्यतीच्या बांधणीच्या चारचाकी मोटारसायकली, चालवणारे अनेकजण जुना कार्ब्युरेटर बदलताना याच विचाराने फसतात. कधी गाडी नुसती अडखळते, तर कधी भर वेगात पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. असे का होते, ते समजायला अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

उदाहरणासाठी आम्ही यामाहा कंपनीची बॅन्शी ही गाडी घेतली आहे. ती अमेरिकेत १९८७ ते २००६ या काळात विकली गेली. तिचे इंजिन ३४७ घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आणि टू-स्ट्रोक आहे. १९८०च्या दशकात आपल्याकडे निघालेली राजदूत ३५० ज्या यामाहा आरडी ३५०वरून बेतली होती, त्याच घराण्यातले हे पुढचे इंजिन. त्याच्या प्रत्येक सिलिंडरला २६ मिलिमीटर व्यासाचा एक मिकुनी कार्ब्युरेटर असतो. या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. कार्ब्युरेटरमधील वरखाली सरकणारी झडप आणि तिची खाच झिजते, फटीतून नको तिथे हवा शिरते आणि नवा कार्ब्युरेटर कोणता घ्यावा, हा प्रश्न उभा राहतो.

आता कार्ब्युरेटर काय करतो ते पाहू. तो पेट्रोल ढकलत नाही. पिस्टनच्या हालचालीमुळे इंजिन हवा ओढते आणि ती हवा कार्ब्युरेटरच्या नळीतून वेगाने जाते. बर्नुलीच्या तत्त्वानुसार वेग वाढला की तेथील दाब कमी होतो. खालच्या वाटीतील पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. दाबातील या फरकामुळे पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर चढते आणि हवेत फवारले जाते. थोडक्यात, पेट्रोल किती चढणार हे हवेच्या वेगावर ठरते.

हा हिशेब वर्गात फळ्यावर करता येईल. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला एकदा हवा घेते. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे १७३.५ घनसेंटिमीटर. मिनिटाला ८००० फेरे, म्हणजे सेकंदाला १३३ फेरे धरले, तर सेकंदाला सुमारे २३,१०० घनसेंटिमीटर हवा आत जाते. (सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो आणि प्रवाह अखंड असतो, असे सोयीसाठी मानू.) २६ मिलिमीटर नळीचे क्षेत्रफळ ५.३ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की हवेचा वेग सेकंदाला सुमारे ४४ मीटर येतो. हवेची घनता १.२ धरून दाबातील घट काढली, तर ती सुमारे ११४० पास्कल भरते. एवढ्या फरकाने पेट्रोलचा स्तंभ जवळजवळ १६ सेंटिमीटर चढेल.

याच इंजिनाला ३५ मिलिमीटरचा कार्ब्युरेटर लावला तर? क्षेत्रफळ ९.६ चौरस सेंटिमीटर होते, वेग २४ मीटरवर येतो आणि स्तंभ ५ सेंटिमीटरच्या आत राहतो. व्यास जेमतेम एक-तृतीयांशाने वाढला, पण ओढ एक-तृतीयांशाहून कमी झाली! वेग क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि दाबातील घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, त्याचा हा परिणाम. ३००० फेऱ्यांना तर स्थिती आणखी बिकट होते. २६ मिलिमीटरला २.२ सेंटिमीटर, तर ३५ मिलिमीटरला अवघे ७ मिलिमीटर. वाटीतील पातळीपासून नळीपर्यंत चढून, वर नीट फवारले जायला एवढी ओढ पुरत नाही.

हळू चालताना सरकती झडप खाली असते. ती वाट अरुंद करून वेग टिकवते, म्हणून तेव्हा दोष लपून राहतो. वाळूचा चढ आला आणि चालकाने अंगठ्याने थ्रॉटल एकदम पूर्ण दाबला, की वाट रुंद होते, वेग कोसळतो आणि गाडी ऐन चढावर गुदमरते.

गाडी गुदमरणे परवडले. पेट्रोल कमी पडत असतानाही इंजिन जोरात चालत राहिले, तर धोका त्याहून मोठा असतो. या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. त्यामुळे जेट लहान पडला की पेट्रोलबरोबर तेलही कमी मिळते. शिवाय बाष्प होताना पेट्रोल जी उष्णता शोषून घेते, तीही कमी शोषली जाते. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. यालाच मेकॅनिक ‘इंजिन सीझ झाले’ म्हणतात. स्पोर्ट क्वाडची मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असतात. म्हणून अशा वेळी क्लच दाबायला क्षणभर उशीर झाला, तर ती दोन्ही एकदम जाम होतात.

हवामानाचाही यात वाटा आहे. ४० अंश सेल्सिअसला बरोबर जमवलेला कार्ब्युरेटर ५ अंशांच्या पहाटे वापरला, तर हवेची घनता सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेली असते. पेट्रोलचा प्रवाह मात्र घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे, म्हणजे ६ टक्क्यांनीच वाढतो. मिश्रण तेवढे विरळ होते. उन्हाळ्यात ठीक चाललेली गाडी हिवाळ्यात सीझ होते, ती यामुळे.

मग निवड कशी करावी? आधी खरोखर बदल हवा का, ते पाहावे. बारीक जेटमध्ये कचरा अडकला असेल किंवा कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी नळी तडकली असेल, तर नवा कार्ब्युरेटरही तेच रडगाणे गाईल. बदलच करायचा असेल आणि इंजिनात काही फेरफार केलेला नसेल, तर मूळ व्यासाचाच कार्ब्युरेटर घ्यावा. थोडा फेरफार असेल, तर २८ मिलिमीटर ही पुढची पायरी. हवेच्या वाटा कोरून रुंद केलेल्या आणि सतत वरच्या फेऱ्यांत चालणाऱ्या इंजिनालाच ३३ ते ३५ मिलिमीटर शोभतो. रबरी नळी, हवेची गाळणी आणि केबल नव्या कार्ब्युरेटरला बसतात का, हेही तपासावे.

जुन्या जेटचा आकडा नव्यात उतरवू नये. एकाच आकड्याच्या मिकुनी आणि केहीन जेटमधून सारखेच पेट्रोल जाईल, असे नाही. सुरुवात मोठ्या जेटने करावी आणि एकेक पायरी खाली यावे. दाट मिश्रणाने गाडी फार तर धूर काढते. विरळ मिश्रण मात्र पिस्टन खाते. पूर्ण वेगात थोडे अंतर जाऊन क्लच दाबावा, इंजिन लगेच बंद करावे आणि थंड झाल्यावर प्लग काढून पाहावा. रंग तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काळा व ओलसर असेल तर दाट, पांढुरका असेल तर विरळ. पांढुरका दिसल्यास पुढे मुळीच जाऊ नये.

विद्यार्थ्यांना वरचाच हिशेब २८ मिलिमीटर व्यास आणि ३००० फेरे घेऊन करायला द्यावा. पेट्रोलची घनता पाण्याच्या ०.७४ पट धरली, तर उत्तर सुमारे १.६ सेंटिमीटर यायला हवे. व्यासात केवळ २ मिलिमीटरची वाढ करून ओढ जवळजवळ पाव हिश्श्याने का घटली, याचे कारण त्यांनाच शोधू द्यावे.