एकाच संगणकात विंडोजही, लिनक्सही

पालघरच्या किनाऱ्यावर एडवणसारख्या गावात घरात संगणक असला तर बहुधा एकच. वडिलांचा हिशेब टॅलीत, म्हणून विंडोज हवंच. पालघर-बोईसरकडे कॉलेजात जाणाऱ्या मुलीला अभ्यासासाठी लिनक्स हवं. दोन्ही एकाच डिस्कवर नांदतात. सुरू होताना कोणतं हवं ते विचारणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूट मॅनेजर. लिनक्सबरोबर बहुतेक वेळा ग्रब येतो. ग्रब टाकला की विंडोज उडतं, ही भीती अजून ऐकू येते. ती जुन्या यंत्रांच्या काळातली आहे.

तेव्हा सगळा कारभार डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतून सुरू होई आणि त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडचे. जागा एकच, त्यामुळे ग्रब आला की विंडोजचा तिथला कोड पुसला जाई. आताच्या यूईएफआय संगणकात मदरबोर्डवरचं फर्मवेअर ईएसपी नावाचं लहानसं पार्टिशन उघडतं. त्यात विंडोजचा फोल्डर वेगळा, ग्रबचा वेगळा. ग्रब कुणाचं काही पुसत नाही. फर्मवेअरच्या यादीत पहिला नंबर मात्र स्वतःचा लावतो. उद्या तो बिघडला तरी संगणक सुरू करताना एफ१२, काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप, दाबून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडता येतो. एवढं कळलं की हात कचरत नाही.

जपायचं ते लिनक्स टाकण्याआधी. टॅलीचा डेटा आणि घरचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. हे टाळून पुढे जाऊ नका. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बूटची रचना बदलली की विंडोज ती मागू शकतं. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. तो चालू असताना विंडोज पुरतं बंद होतच नाही आणि त्याच्या ड्राइव्हवर लिनक्सला नीट लिहिता येत नाही. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून पन्नासेक जीबी जागा मोकळी करा. हे काम चालू असताना वीज जाता कामा नये. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी, डेस्कटॉपला यूपीएस हवा.

पुढचं सोपं आहे. लिनक्सचा पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनेच सुरू करा. जुन्या पद्धतीने सुरू केलात तर ग्रबही जुन्या पद्धतीचा बसतो आणि त्याच्या यादीतून विंडोज सुरू होत नाही. इन्स्टॉलरमध्ये ‘विंडोजच्या सोबत’ हा पर्याय घ्या, ‘डिस्क पुसून’ हा नव्हे. विंडोज आधी, लिनक्स नंतर, हा क्रम पाळा. नंतर यादीत विंडोज दिसलं नाही तर ग्रबच्या सेटिंगमध्ये इतर सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर चालू करून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्या.

एक खोड राहते. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं, कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारताची समजतं. रात्री दोनला नोंदवलेलं बिल आदल्या दिवसाच्या तारखेचं निघेल. लिनक्सला ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगा. टर्मिनलमध्ये एका ओळीत होतं.