विद्यार्थी दिवस झाला. आता शाळेचे रजिस्टर पाहूया



7 नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस नुकताच झाला. आपल्यापैकी अनेकांनी जवळच्या माध्यमिक शाळेत जाऊन बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला, वह्या-पेन वाटले, भाषणे केली. मीही एका शाळेत गेले होते. कार्यक्रम आटोपल्यावर नववीतली एक मुलगी मागे थांबली आणि म्हणाली, "ताई, रजिस्टरला माझ्या नावापुढे धर्म बौद्ध आणि जातीच्या जागीही बौद्धच लिहिलंय. स्कॉलरशिपसाठी जातीचा दाखला मागतात. पप्पांकडे दाखला नाही. आता काय करायचं?"

अर्धा तास आम्ही व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व सांगत होतो. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकाही भाषणात नव्हते. म्हणून हा लेख.

1900 सालची एक नोंद

7 नोव्हेंबर ही तारीख मुळात शाळेच्या रजिस्टरमधूनच आली आहे. 1900 साली याच दिवशी सातारच्या सरकारी हायस्कूलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टर क्रमांक 1914, नाव भिवा रामजी आंबेडकर. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवले. 2017 मध्ये महाराष्ट्र शासनाने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला.

मुलाचे नाव रजिस्टरवर येणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. आज आपल्या मुलांची नावे येतात, पण नावापुढचे रकाने नीट भरलेले असतात का, हे कोणी तपासत नाही. आजची अडचण तिथे आहे.

धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना

धम्मदीक्षेनंतर अनेक पालकांनी शाळेत धर्माच्या आणि जातीच्या अशा दोन्ही रकान्यांत अभिमानाने "बौद्ध" लिहिले. काहींनी जातीपुढे "नवबौद्ध" लिहिले, तर काहींनी तो रकाना कोराच ठेवला. ज्या जातीने माणूसपण नाकारले ती पुन्हा का लिहायची, ही त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. मी तिची टिंगल करणार नाही.

पण कायदा काय मागतो तेही समजून घेतले पाहिजे. अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात 1990 मध्ये दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही त्या सवलती लागू झाल्या. ही सवलत "बौद्ध" या धर्मनोंदीवर मिळत नाही; कुटुंब मूळचे कोणत्या अनुसूचित जातीतले, याचा पुरावा लागतो. धर्म हा आपण घेतलेला निर्णय आहे. जातीची नोंद हा आपल्यावर झालेल्या अन्यायाचा कागदोपत्री पुरावा आहे. दोन्ही रकाने आपापल्या जागी बरोबर असले, तर धम्माशी प्रतारणा होत नाही.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी कार्यालयातून मिळतो. अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर करता येतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 ही मानीव तारीख आहे. त्या तारखेला किंवा त्याआधी कुटुंब राज्यात राहत होते हे दाखवावे लागते. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी म्हणजे गाव नमुना 14 किंवा कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचे जुने उतारे, यांतला एखादा कागद बहुधा कामी येतो. तो शहरातल्या घरात सापडत नाही. त्यासाठी गावी जावे लागते, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या बापाला दोन दिवसांची मजुरी सोडणे परवडत नाही.

नववी-दहावीच का महत्त्वाची?

याची तीन कारणे आहेत.

पहिले, शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण 6 ते 14 वयाला, म्हणजे आठवीपर्यंत आहे. शाळेतला पोषण आहारही आठवीपर्यंतच. नववीत पाऊल टाकताच घरचा खर्च वाढतो आणि नेमक्या याच वयात मुलगा कामाला, मुलगी घरकामाला जाण्याची शक्यता वाढते.

दुसरे, याच टप्प्यावर शिष्यवृत्ती सर्वात उपयोगी पडते. नववी-दहावीच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र पुरस्कृत मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे लागते. घरून शाळेत येणाऱ्याला वर्षाला 3,500 आणि वसतिगृहात राहणाऱ्याला 7,000 रुपये मिळतात. मुलींसाठी राज्याची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती वेगळी आहे. रक्कम फार नाही, पण वह्या, गणवेश, बसचा पास यांचा भार हलका होतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेले बँक खाते यांपैकी एक नसले तरी अर्ज अडकतो.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे. मुलगा शाळेत शिकत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख किंवा जातीची चूक दुरुस्त करण्याचा अर्ज पुराव्यासह मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तेच काम फार अवघड होते. पुढे जात पडताळणी समितीपुढे फाइल जाते, तेव्हा दाखल्यातील एका अक्षराचाही प्रश्न निघतो. इंजिनिअरिंगचा प्रवेश तोंडावर असताना धावपळ करणारी कुटुंबे आपण दरवर्षी पाहतो. त्यातली बरीच धावपळ दहावीतच टळली असती.

शाळेचे पुढचे चार महिने

26 नोव्हेंबर, संविधान दिन. शाळांत उद्देशिकेचे वाचन होईल. त्याच दिवशी नववीच्या वर्गात अर्धा तास मागून घ्या आणि शिष्यवृत्ती हा संविधानाने दिलेला हक्क कसा आहे, त्याला कोणते कागद लागतात, हे मुलांना सांगा.

डिसेंबर. 6 तारखेला आपण चैत्यभूमीला किंवा आपल्या विहारात अभिवादनाला जाऊ. साधारण याच महिन्यात आठवीच्या मुलांची एनएमएमएस परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांना ती देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे. विहारात रोज एक तास बुद्धिमत्ता चाचणीचा सराव घेणे कॉलेजच्या मुलांना सहज जमेल. यंदाची परीक्षा हुकली, तर आत्ताच सातवीची मुले हाताशी धरा.

3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. भाषणाबरोबर मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा, शाळेत सखी सावित्री समिती आहे का, तिची बैठक कधी झाली? मुलींच्या सुरक्षिततेसाठी ही समिती नेमण्याचा शासनाचा आदेश 2022 पासून आहे. दहावीची सराव परीक्षाही याच सुमारास होते.

फेब्रुवारी-मार्च, दहावीची बोर्ड परीक्षा. हॉल तिकीट आले की नाव, आईचे नाव, जन्मतारीख रजिस्टरशी ताडून पाहा. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येते. यंदाची मुदत गेली असेल तर पुढच्या वर्षासाठी त्यांची नावे आजच लिहून ठेवा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

फार मोठी योजना नको. एका विहाराने एक शाळा घ्यावी. वस्तीतील नववी-दहावीच्या मुलांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात: रजिस्टरची नोंद बरोबर आहे का, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते. जिथे नाही म्हणून लिहावे लागेल, तिथून काम सुरू. शाळेशी भांडायला जाऊ नका. लिपिकाकडे शेकडो मुलांची कामे असतात. आपण पूर्ण कागद घेऊन गेलो तर तोही मदत करतो, असा माझा अनुभव आहे. अर्ज नाकारला तर मात्र नकार लेखी मागा.

त्या मुलीच्या आजोबांच्या शाळेचा उतारा आम्हाला गावच्या जिल्हा परिषद शाळेत मिळाला. तीन फेऱ्या झाल्या. तिच्या वडिलांचा आणि तिचा, दोघांचेही अर्ज आता सेतू केंद्रात आहेत आणि रजिस्टर दुरुस्तीचा अर्ज शाळेत दिला आहे. निकाल लागायचा आहे.

शेवटी एक आठवण. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा समाजाने त्यांच्या सत्कारासाठी सभा घेतली. वडील आधी तयार नव्हते. दादा केळुस्कर मध्ये पडले. त्या सभेत केळुस्करांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. शाळेतल्या एका मुलाच्या यशाकडे वस्तीने लक्ष दिले आणि त्यातून बुद्ध त्याच्या हाती आले. 1956 च्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर ती सभाही आहे.

आपल्या शाळेत आज नववीत कोण बसले आहे, ते आपल्याला माहीत नाही. निदान त्याचे कागद तरी पूर्ण असू द्या.

जयभीम, नमो बुद्धाय.