रोजच्याच गुत्त्यावरची

"डॉक्टर, सगळं पांढरं धुकं दिसतंय," असं कुणी कॅज्युअल्टीत म्हणालं, की मी नाडीबरोबरच विचारते, काल कुठे बसला होतात? उत्तर बायको देते, "रोजच्याच गुत्त्यावर. दोनच ग्लास घेतले हो."

जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं दगावली, ती गुत्त्यावरच्या दारूतल्या मेथेनॉलमुळे. थिनर, रंग यांत वापरलं जाणारं हे औद्योगिक रसायन. स्वस्त, आणि वासाचवीला दारूसारखंच, त्यामुळे पिणाऱ्याला पत्ता लागत नाही. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक ॲसिड करतं. ते रक्त आंबवतं, डोळ्यांच्या नसा जाळतं. याला बहुधा 12 ते 24 तास लागतात, आणि घात होतो तो इथेच. माणूस शुद्धीवर असतो, घरचे 'उतरली नाही अजून' म्हणून लिंबूपाणी देतात. मग पोटात कळा, धाप, अंधारी.

उतारा फोमेपिझोल. ते नसेल तर चक्क इथेनॉल, म्हणजे साधा मद्यार्क, मोजून देतात, कारण यकृत आधी त्यालाच हात घालतं. (घरी बाटली उघडून हा उपाय करायचा नाही, मोजमाप रक्ततपासणीवर चालतं.) सोबत डायलिसिस.

पोलीस केस होईल म्हणून नातेवाईक काय प्यायलं ते लपवतात. तेवढ्यात तास जातो. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, एवढंच सांगते: बरोबर आणखी कोण बसलं होतं? ठणठणीत दिसत असले तरी त्यांना आत्ताच रिक्षात घालून आणा.